आर्वीला दोनदा

चाळिशीपुढच्या माणसाने आंजीच्या फाट्यावर माठ घेऊन बसावं आणि शर्यतीतल्या पोरांना पाणी द्यावं, असं आमच्या सायकल मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितलं. मी नाव द्यायला गेलो होतो. वय शेहेचाळीस. "मास्तर, वाटेत पडलात तर जबाबदारी कोणाची?" ते हसून म्हणाले. ते स्वतः बाजारातही टांग्याने जातात.

हुज्जत घातल्यावर एक सवलत मिळाली. शर्यतीच्या आधीच्या रविवारी मी एकट्याने ती फेरी सूर्योदय ते सूर्यास्त पुरी करावी, ठरलेल्या गावांत कागदावर वेळ आणि सही घ्यावी; मग नाव घेऊ. वर्धा, देवळी, पुलगाव, आर्वी, आंजी, वर्धा. पाऊणशे मैल. पंचविशीतल्या कोणालाही अशी परीक्षा नव्हती.

तयारी चार महिने केली. रोज शाळेआधी पवनारचा पूल गाठायचा आणि परतायचं. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना कठडा धरावा लागे. बायको म्हणाली, "जाऊन परत इथंच यायचं, मग जायचं कशाला?" मी चाकांत हवा भरायला घेतली. वजन कमी करायचं म्हणून सायकलचे मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, दिवा काढला. शेवटी घंटीही काढली.

माघाचे दिवस होते. या वाटेने कोणाला जायचं असेल तर याच दिवसांत जावं. पुढे ऊन सोसत नाही. देवळीपर्यंतचा रस्ता बरा आहे. कापसाच्या गाड्या मात्र मधूनच चालतात आणि बैल बाजूला होत नाहीत. देवळीत चहावाल्याने सही केली. एक आण्याचा चहा, साखर फार. बाकावरच्या एकाने विचारलं, "काय जी मास्तर, मोटर सुटली काय?"

"नाही. सायकलनेच निघालोय. आर्वीला."

"काम काय काढलं?"

"काही नाही."

तो शेजाऱ्याकडे वळला. "कामच नाई म्हंते. घरी भांडण झालं दिसते."

पुलगावला स्टेशनावर सही घेतली. बाबूंनी आर्वीच्या छोट्या गाडीची वेळ न विचारता सांगितली. मी सायकल दाखवली. "अहो, सायकल चढवता येते डब्यात," ते म्हणाले. देशात धान्यासाठी, जमिनीसाठी, स्वर्गासाठी माणूस राबला तर लोकांना समजतं. आपल्या पायांत काय आहे हे पाहायला निघालेला माणूस दिसला की ते त्याला गाडीची वेळ सांगतात.

पुलगाव ते आर्वी बावीस मैल. खडी उखडलेली, कडेला बाभळी. दोन पंक्चर. सामान जवळ ठेवा, मध्ये दुकान नाही. आर्वीला पाऊण वाजता पोचलो. पेठेत सही घेतली, भाकरी, झुणका आणि ठेचा मिळाला. मी अर्धीच भाकरी खाल्ली. पोटभर खाल्लं की पाय जड होतात. बाजूच्या ढिगातून एक संत्रं घेतलं. सव्वा वाजता निघालो. हातात जवळपास पाच तास, उरले चौतीस मैल. मी खूश होतो.

आठ मैलांवरच्या गावात तिथल्या शाळामास्तरांची सही घ्यायची होती. ते सरूबाई नावाच्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत. बाई ओसरीत तूर पाखडत होत्या. मी फाटकाशी उतरलो. घाम गळत होता, बोलवत नव्हतं.

"कुठून आले जी?"

"आर्वीहून."

त्यांचे हात थांबले. त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. "पानी घ्या."

"नको." तापल्या अंगावर विहिरीचं पाणी घ्यायचं नाही, हा माझा नियम होता. "मास्तर कुठे आहेत? त्यांना बोलवा आधी."

तांब्या खाली पडला. बाईंनी हंबरडा फोडला. "कौसल्ये, माह्या बाई!" शेजारच्या दोघी धावत आल्या. त्याही रडू लागल्या. मी सायकल धरून उभा होतो. मला एवढंच कळत होतं की पाच मिनिटं गेली.

मास्तर बाहेर आले. तरुण, शांत माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. सरूबाईंची मुलगी कौसल्या बाळंतपणात अडली म्हणून तिला दोन दिवसांपूर्वी आर्वीच्या दवाखान्यात नेलं होतं. भाऊ सायकल घेऊन बरोबर गेला होता. तेव्हापासून बाईंचं लक्ष रस्त्याकडे. "आणि तुम्ही घंटी न वाजवता आलात. पाणी नको म्हणालात. वाईट निरोप आणणारा माणूस इकडे घरचं पाणी घेत नाही. आणि तो घरच्यांना नाही, आधी बाहेरच्या माणसाला सांगतो."

मी ओसरीपाशी गेलो. सांगितलं की मी कौसल्येला ओळखतही नाही. पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर प्यायलो.

सरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता मास्तरनं शिकवलं म्हनून पिऊन राह्यले. लपवू नोका जी. मले सांगा."

मी कागद दाखवला, सह्या दाखवल्या. त्या आणखी रडल्या. कागद पाहून दवाखान्याचंच काही वाटलं असावं. मोटर उद्या सकाळी. गावातली एकुलती सायकल आर्वीत. बैलगाडीला तीन तास. मास्तरांनी माझ्या सायकलकडे पाहिलं. मला त्यांचा राग आला. त्या बाईंचा आला, चिटणीसांचा आला. चार महिने मी कशासाठी उठत होतो? मग सायकल आर्वीकडे वळवली.

ते आठ मैल मी शिव्या देत गेलो. दवाखान्याच्या पायरीवर कौसल्येचा भाऊ संत्रं सोलत बसला होता. "पोरगी झाली जी सकायी. दोघी बऱ्या आहेत. मी उद्या जानारच होतो सांगाले."

"उद्या!" मी ओरडलो. "तिकडे तुझी आई पोरीच्या नावाने रडते आहे!"

काय झालं ते सांगितल्यावर तो उठून उभा राहिला. थोडा विचार करून म्हणाला, "कौसल्येले एकटी सोडून आज येता येत नाई मले. अन् नुसतं सांगून पटनार नाई मायले. तुमी जाताबरोबर पानी मांगजा. बोलाच्या आधी."

सवयीने मी कंपाउंडरकडून सही घेतली. तीन वाजून वीस मिनिटं.

परत पोचलो तेव्हा ओसरी बायांनी भरली होती. मी रस्त्यावरूनच ओरडलो, "बाई, पाणी द्या!"

सरूबाई उठल्या. त्यांनी तांब्या इतक्या घाईने पुढे केला की अर्धं पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलं. मी उरलेलं प्यायलो, पुन्हा तांब्या पुढे केला. दुसरा तांब्या संपेपर्यंत त्या माझ्या गळ्याकडे पाहत होत्या. मग मी सांगितलं.

"पोरगी काय?" त्या म्हणाल्या. डोळे पुसले. "अन् तुमी एवढा वेळ काऊन लावला जी?"

मास्तरांनी सही केली. साडेचार. आंजीच्या अलीकडेच सूर्य बुडाला. पुढे एका कापसाच्या गाडीखाली टांगलेल्या कंदिलामागून चालवत राहिलो. दिवा काढू नका, हे आता सांगायला नको. वर्ध्यात शिरलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

चिटणीसांनी दुसऱ्या दिवशी कागद पाहिला. "आर्वी दोनदा? रस्ता चुकलात?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "परोपकार वेगळा, शर्यत वेगळी. तुमच्यासाठी सूर्य थांबवायचा का?" मी त्यांच्या फेरीपेक्षा सोळा मैल जास्त कापले होते. ते लिहायला त्यांच्या कागदात रकाना नव्हता.

शर्यतीच्या दिवशी मी घरूनच निघालो, नाव न देता. घंटी परत बसवली होती. आर्वीपुढच्या गावात शिरताना ती वाजवली. सरूबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. "तांब्या आत आहे," म्हणाल्या, "घ्या आपल्या हातानं." नातीचं नाव अजून ठेवायचं होतं.

आंजीच्या फाट्यावर माठ होता. माठापाशी चिटणीस बसले होते. त्यांनी पेला पुढे केला. मी थांबलो नाही.

घरी आलो तेव्हा अंगणात ऊन होतं. कोणी वेळ टिपली नाही. बायकोने सायकल भिंतीला टेकवली.

"गेलात आणि आलात. मिळालं काय?"

"पाणी प्यायलो," मी म्हणालो.