लग्नाचा फोटोग्राफर आणि मेलेला तारा

दुर्बीण घेतली की आकाशातलं थोडं दिसतं आणि जमिनीवरचं फार. किस्से आपोआप साठतात.

मी धाराशिवला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दुर्बीण माझी, कॅमेरा मुरुमच्या अण्णाचा. अण्णाचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. पण त्याचा जीव अडकला होता अभिजित ताऱ्याजवळच्या तेजोमेघात. म्हणजे मरता मरता एका ताऱ्यानं बाहेर फेकलेलं वायूचं कडं. त्याचा फोटो काढून घरात लावायचा होता. अडचण एकच, त्याची आई, म्हणजे अव्वा. त्यांचा नियम कडक: "भिंतीवर फकस्त देव आन् गेलेली माणसं!" अण्णाच्या स्वतःच्या लग्नाचा फोटोसुद्धा कपाटात आहे!

*

पहिल्या रात्री अण्णा सवयीनं आभाळाकडं बघून म्हणाला, "जरा हनुवटी वर!"

*

असल्या फोटोसाठी एकाच कड्याचे शंभर फोटो काढून कॉम्प्युटरवर एकावर एक रचावे लागतात. ज्याच्या शेतात उभे होतो तो मालक चक्रावला. "शंभर? दर बारीला डोळे मिटतोय व्हय त्यो?"

मग त्यानं दुर्बिणीला डोळा लावला. नुसत्या डोळ्याला रंग कळत नाहीत, राखाडी धूर दिसतो. "ह्याच्यासाठी गाडीभर सामान? आमचा म्हातारा बिडी वढून ह्याच्यापेक्षा लई झकास कडं काढतो!"

*

मग गडद अंधार हवा म्हणून तेरखेड्याकडं गेलो. नव्वदावा फोटो चालू होता आणि जवळच्या फटाक्यांच्या कारखान्यात कुणीतरी लग्नसराईचा माल तपासायला बाण उडवला. सगळं शिवार लाल!

अण्णा शिव्या देत भांडायला पळाला. अर्ध्या तासानं चहा पिऊन आला.

"काय झालं?"

"सर, कारखान्याच्या मालकाच्या पोरीच्या लग्नाची ऑर्डर मिळाली. लग्न बुधवारी हाय, तवा दुर्बिणीचं काय जमत न्हाय."

*

शेवटी फोटो जमला. निळसर पोट, तांबडी कड. बघून मलाच भरून आलं. अण्णानं फ्रेम केली आणि अव्वांपुढं धरली. लग्नात हजार माणसांना दटावणारा हा गडी, इथं फ्रेमच्या मागं लपला.

"काय हाय हे?"

"तारा, अव्वा."

"देव हाय का?"

"न्हाय."

"मग कपाटात ठेव."

अण्णा रडकुंडीला आला. "अव्वा, मेलाय त्यो!"

अव्वांनी चष्मा लावला. "कवा?"

"हजारो वर्षं झाली."

"आन् तू आज सांगायलास?"

दुसऱ्या दिवशी चहाला गेलो, तर अण्णाच्या वडलांचा फोटो जरा डावीकडं सरकला होता. शेजारी आमचं कडं. दोघांना सारखेच चंदनाचे हार!