छातीवरच्या गेरूच्या रेघा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही — तेव्हाही नव्हता. पालघरच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं मी. पण आता वय झालंय, म्हणून हे एकदाचं लिहून टाकते.

साठच्या दशकातली गोष्ट, सातपाटीची. माझ्या थोरल्या भावाच्या, दादूसच्या, छातीच्या हाडामागे थायमस नावाच्या ग्रंथीची गाठ निघाली. पापण्या आपोआप मिटायच्या, घास गिळवेना. मुंबईत ऑपरेशन झालं, पण थोडी गाठ आत राहिली, म्हणून रेडिएशन... आम्ही ‘लाइट’ म्हणायचो. आठवड्यातून पाच दिवस पालघरहून पहाटेची गाडी, परत यायला संध्याकाळ. सोबत मीच. खरं सांगते, वीट आला होता.

मशीन कुठे लावायचं त्यासाठी छातीवर जांभळ्या शाईची चौकट आखलेली. ती पुसली तर सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नारळी पुनवेआधीच्या रविवारी आयेने घोळ केला. आमच्या घरी पुनवेआधी होडीला तेल लावतात, आणि ती चालवणाऱ्यालाही. तिने मायेने दादूसची छाती तेलाने चोळली. चौकट साफ!

दादूस चिडलासुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “आता नाय जात मी. दमलो.”

समजूत घालायचं त्राण माझ्यातही नव्हतं. तो झोपला. आये आणि बाकीचे होडीकडे गेले. मी दारातच बसून होते, आत कुणीही गेलं नाही. चहा द्यायला उठले, तर त्याच्या छातीवर चौकट... जांभळी नव्हे, गेरूची.

आमचे बाबा होड्या बांधायचे. गेरूत भिजवलेला दोरा फळीवर ताणून सोडला की अशीच रेघ उमटते. पण बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा दोरा आढ्याला टांगलेला होता, कोरडा ठणठणीत. दादूसच्या बोटांना रंग नव्हता, आणि तेलकट अंगावर गेरू धरतो तरी कसा?

दादूस उठून बसला, छातीवरच्या रेघा एकेक करून पाहिल्या. मग म्हणाला, “उद्या पहाटं उठव मला.”

सोमवारी डॉक्टरांनी पहिल्या मोजमापाचा कागद काढून पट्टीने मोजलं. केसाचाही फरक नाही. कुणी आखलं, म्हणाले. मी म्हटलं, वडिलांनी. त्यांनी त्याच रेघांवरून जांभळी शाई फिरवली.

लाइट पूर्ण झाले. दादूस पुढे कितीतरी वर्षं समुद्रावर गेला, म्हातारा होऊन गेला. त्याची शेवटची अंघोळ चालली होती तेव्हा मी छाती निरखून पाहिली. एकही रेघ नव्हती.

ती चौकट कुणी आखली, मला आजही सांगता येत नाही. पण बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते, तेवढी दादूसची ती कोरी छाती बघून रडले.