बांधावरचा तरवड

पीएच.डी. करत होते तेव्हा माझ्या मार्गदर्शक सरांनी मला शाळांमधून नॅनो तंत्रज्ञानाच्या कार्यशाळा घ्यायला पाठवलं. प्रकल्पाची ती अटच होती. जामखेड तालुक्यातल्या एका शाळेत मी महिन्यातून एकदा जायचे. नगरमधल्या सावेडीतल्या खोलीवरून बाटल्यांची पेटी घेऊन निघायचं, एसटीत ती मांडीवर धरून बसायचं.

प्रयोग सोपा होता. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात कडुनिंबाच्या पानांचा काढा घातला की पाणी हळूहळू पिवळं, मग तपकिरी होतं. म्हणजे त्यात चांदीचे कण तयार झाले, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारेक शेजारीशेजारी मावावेत. मुलं टाळ्या वाजवायची, मी फोटो काढायचे.

पहिल्याच दिवशी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कडुनिंबच का? आमच्या बांधाला तरवड लई हाय. त्यानं व्हईल का?"

कडुनिंबच का, ते मलाही माहीत नव्हतं. पुस्तिकेत तसं लिहिलं होतं एवढंच. करून बघ म्हणाले.

पुढच्या खेपेला तिनं पिशवी भरून तरवडाची पानं आणली. कडुनिंबाला तासभर लागायचा, तिची बाटली पाच-सात मिनिटांत गडद झाली. मी थोडं द्रावण तिच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे ठेवून आले. महिनाभरात तिनं कोवळी पानं, जून पानं, सावलीत वाळवलेली पानं, सगळं करून पाहिलं आणि घड्याळ लावून वहीत लिहिलं. द्रावणानं बोटं काळी पडली म्हणून घरी बोलणी खाल्ली, तेही तिनं हसत सांगितलं. मी त्या वहीच्या पानांचे फोटो काढले आणि सरांना दाखवले.

सरांनी लगेच पानं मागवली. आमच्या प्रयोगशाळेत सगळं पुन्हा केलं, मोठ्या यंत्रांवर तपासलं, आणि वर्षभरात शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. निदान आभारात त्या मुलीचं नाव घालू या, असं मी एकदा म्हणाले होते. सर म्हणाले, "शाळेतल्या पोरांची नावं घालायला लागलो तर लोक हसतील." माझा प्रबंध त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडला होता. मी पुन्हा विषय काढला नाही.

तोवर प्रकल्प संपून माझं शाळेत जाणंही थांबलं होतं. ती दहावीत असताना नगरला विज्ञान प्रदर्शनात भेटली. मला बघून धावत आली.

"मॅडम, त्या तरवडाचं पुढं काय झालं?"

आसपास माझ्या कॉलेजातली माणसं उभी होती. मी म्हणाले, "तसं काही विशेष निघालं नाही गं."

ती म्हणाली, "मंग माझंच मोजायला चुकलं असंल." वर, एवढ्या लांबून येऊन शिकवलंत म्हणून माझेच आभार मानले.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. निबंधाची प्रत शाळेच्या पत्त्यावर पाठवताही आली असती. मी दोन्ही केलं नाही. पदवी मिळाली, नोकरीही लागली.

तिनं अकरावीला कला शाखा घेतली, असं पुढे तिच्या शिक्षकांनी फोनवर सहज सांगितलं. का, ते मी विचारलं नाही.