बाजा आणि खांदा

आमच्या चर्चच्या मंडळीत बाजा वाजवणाऱ्याने खांदा द्यायचा नसतो. असं कुठे लिहिलेलं नाही. पण मयत घरातून निघाली की गीतं गातच दफनभूमीपर्यंत जायचं, ही आमच्याकडची रीत आहे, आणि त्या वेळी हार्मोनियमवाला सगळ्यांच्या पुढे चालतो. हार्मोनियमला आमच्याकडे बाजाच म्हणतात. पट्टा गळ्यात, डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर. खांदा देणार कशाने?

आमचा बाजा साडेनऊ किलोचा आहे. मी मोंढ्यात, धान्यबाजारात, वजनकाट्यावर काम करतो, त्यामुळे सहज एकदा ठेवून पाहिला होता. चालताना मात्र तो साडेनऊचा राहत नाही, विशेषतः उन्हात, आणि विशेषतः मेलेला माणूस ओळखीचा असला म्हणजे. आमची मंडळी एवढी लहान आहे की त्यात अनोळखी कोणी मरतच नाही.

माझ्या डाव्या हाताला ढोलकी घेऊन दादा असायचा. माझा थोरला भाऊ. पंक्चर काढायचं दुकान होतं त्याचं. हात कायम काळे, पण रविवारी सकाळी राखेने घासून घासून धुवायचा. आम्ही दोघांनी मिळून किती लग्नं, किती बारशी, किती मयती केल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. लोकांना वाटतं मी सगळ्याचाच हिशेब ठेवतो.

आमच्या गाण्याची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. वडिलांनी लावलेली. गीताची पहिली ओळ बाजा एकटाच वाजवायचा. मग थांबायचा. त्या थांबण्यात दादा ढोलकीवर उठाव घ्यायचा, आणि त्याची थाप समेवर पडली की सगळी मंडळी एकदम गायला लागायची. ती जागा मी कधी मोजली नाही. मात्रा मोजायची मला सवय आहे, पण तिथे दादा होता, तिथे मोजायची गरज नव्हती.

चर्चमध्ये वाजवणं म्हणजे मानाचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. आत काय असतं ते सांगतो. काळी पाचची उंच पट्टी धरली तर पुरुष माना खाली घालून ओठ हलवतात. काळी एकला उतरलो तर बायका वळून बघतात. उपासना संपली की दारात चपला घालता घालता एखादी म्हातारी ऐकवते, "आज लय वर धरली होतीस बाबा, गळा फाटायची पाळी आली." तिच्या मागोमाग तिचाच नवरा म्हणतो, "कुठं वर? जमिनीत घातली होती आज." नाताळात घरी पाहुणे जेवायला बसलेले आणि मी ताडकळसला कोणाच्या तरी अंगणात भजनाला. बायको म्हणायची, "तुमचा बाजा पाटावर बसवा आन त्यालाच वाढते." अलीकडच्या पोरांना मोबाइलवरची हिंदी गीतं हवीत, ती तिसऱ्याच पट्टीत. नवे पाळकसाहेब आले ते स्वतःचा स्पीकर घेऊनच आले. माणूस मनाने चांगला. एकदा मला म्हणाले, "काका, तुम्हाला कधी बरं नसलं तर ट्रॅक आहेत माझ्याकडे, काळजी करू नका." तेव्हापासून मी आजारीच पडलो नाही.

पण सगळ्यांत अवघड मातीच. घरातले रडतात, पाळकसाहेबांचाही आवाज चिरतो, तो चालतो. बाजाचा चिरलेला चालत नाही. मंडळी त्याला धरून चालते. म्हणून मी मनात मात्रा मोजत राहायचो, एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. एकदा एका घरच्या बाईने मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुला डोळ्याला पाणी येतच न्हाई का रे?" परत येताना दादा म्हणाला, "पाणी काढायचं आसंल तर घरी जाऊन काढ. रस्त्यात दोघंबी रडलो तर मुडदा घरी परत न्यावा लागंल." आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून हसलो. कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, देव जाणे.

वडील गेले तेव्हा वालूरला एक म्हातारे वादक होते, ते बाजा वाजवायला आले. त्यामुळे आम्ही दोघा भावांनी वडिलांना पुढून खांदा दिला. मी दिलेला तो एकच. नंतर ते वादकही गेले. त्यांच्या मातीला आम्हीच वाजवलं. मग आसपास कोणी उरलं नाही. दादा चेष्टेने म्हणायचा, "आपल्या दोघात जो आधी जाईल तो नशीबवान. त्याला वाजवणारा तरी मिळंल. मागं राहील त्याला मोबाइल."

दादाची किडनी गेली. परभणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी पाय सुजले, मग हात. बोटं अशी झाली की ढोलकीचा आवाजच निघेना, नुसता धप्प. तरी तो दर रविवारी यायचा, ढोलकी मांडीवर घ्यायचा आणि उठावाची जागा आली की माझ्याकडे बघून मान हलवायचा. मी ती मान बघून पुढे जायचो. मंडळीही जायची.

शेवटी तेही थांबलं. अंगणात कडुलिंबाखाली त्याची खाट टाकलेली असायची. मोंढ्यातून सुटलो की मी जाऊन बसायचो. एका संध्याकाळी तो खाटेच्या लाकडावर दोन बोटांनी ठेका धरून पडला होता. मध्येच म्हणाला,

"माझ्या येळेला तू बाजा वाजवायचा."

"काहीबी बोलू नको दादा."

"बोलायलो न्हाई, सांगायलोय. खांद्याला लय जण हायेत. बाजाला तू एकटा."

मला त्याला खांदा द्यायचा होता. त्याला दोन मुलीच, दोघी लग्न होऊन गेलेल्या. वडिलांना दिला तसा पुढचा खांदा मी द्यायचा, हे माझ्या मनात कधीपासून ठरलेलं होतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला ते कळलं असावं. म्हणाला, "स्पीकर लावू नको मला. तेवढं कर." मी मान हलवली. उठावाला तो हलवायचा तशी.

तो गेला तेव्हा लिंबाला मोहर आला होता. सकाळपासून ऊन. पाहुणे जमले, शवपेटी अंगणात ठेवली. वहिनी कोपऱ्यात बसली होती. मी बाजाचा पट्टा गळ्यात घातलेला तिने पाहिला आणि तिथूनच म्हणाली,

"भावजी, काढा ते. तुमी खांदा द्या त्यास्नी. पोरगा न्हाई त्यांना. भाऊ असून परक्यांनी न्यायचं का?"

मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "मग गाणार कशाला धरून?"

"मोबाइलवर लावा न्हाईतर," वहिनी म्हणाली. "त्यो साहेबाचा डबा हाय की."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. स्पीकर त्यांनी आणलेला होता, पण पिशवीतून काढला नव्हता. हळूच म्हणाले, "काका, तुम्ही म्हणाल तसं."

मी वहिनीजवळ जाऊन सांगितलं की दादाने मला बाजाच सांगितला आहे. ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं आसंल. मी बी सांगायलेय." मग तिने तोंड फिरवून घेतलं. मी पट्टा काढला नाही. दादाला मान हलवून दिलेला शब्द होता. मी पुढे जाऊन उभा राहिलो. मागे चार जणांनी उचललं. पुढच्या उजव्या बाजूला, जिथे मी असायला हवा होतो, तिथे त्याच्या दुकानाशेजारचा चहावाला होता. तो आमच्या मंडळीतलाही नाही. दादाला रोज सकाळी चहा द्यायचा, तेवढंच.

गल्लीच्या तोंडाशी मी गीत धरलं. काळी दोन, म्हणजे बायका-पुरुष दोघांना जमेल. पहिली ओळ वाजवली आणि थांबलो.

मी ठरवून थांबलो नाही. हात थांबला. इतकी वर्षं तिथे थांबायचं असतं. आणि माझ्यामागे सगळी मंडळीही थांबली, कारण त्यांच्या कानांनाही तिथे थाप हवी होती. गाणं सुरू होईना. चालणारे थबकले. खांदेकरी शवपेटी घेऊन जागच्या जागी उभे. एका दुचाकीवाल्याने हॉर्न वाजवायला हात उचलला आणि वाजवला नाही.

मी पुन्हा पहिली ओळ धरली. या वेळी थांबायचं नाही असं स्वतःला बजावून धरली. एक ते आठ मोजत गेलो. त्या जागेवर आलो आणि आकडा पुढे सरकेना. पुन्हा तीच शांतता. मागून कोणीतरी, बाई होती, हुंदका दिला आणि मग सगळ्याच रडायला लागल्या. भात्यावरचा माझा हात सुटला. भाता मिटताना आमच्या बाजातून एक बारीक सूर निघतो, तो निघाला.

वहिनी मागून पुढे आली. मला वाटलं, आता बोलेल. तिने माझ्या गळ्यातला पट्टा काढला आणि बाजा स्वतःच्या पोटाशी धरला, लेकरू धरतात तसा. मला मानेने मागे खांद्याची जागा दाखवली. चहावाल्याने सरकून मला वाट दिली.

मी दादाला खांदा दिला. तो फार हलका झाला होता. आजारात किती उतरला ते मला कळत होतं, माझं कामच ते आहे, पण शवपेटीसकटही तो इतका हलका लागेल असं वाटलं नव्हतं. स्पीकर पिशवीतच राहिला. मंडळीने बाजाशिवाय गायला सुरुवात केली. बायकांची पट्टी एक, पुरुषांची दुसरी, म्हाताऱ्यांची तिसरी. गीत दफनभूमी येईपर्यंत खाली खाली घसरत गेलं. एरवी मला असं ऐकवत नाही. त्या दिवशी मी मोजलं नाही, सावरलं नाही. रस्त्यात रडलो. दादाने म्हटलं होतं तसं त्याला घरी परत न्यावं काही लागलं नाही.

माती देऊन झाल्यावर वहिनीने बाजा माझ्याकडे परत दिला. शेवटचं गीत मी वाजवलं. मध्ये थांबावं लागू नये म्हणून पहिल्या ओळीपासून सगळ्यांना बरोबरच गायला लावलं. दिलेला शब्द एवढाच पाळता आला.

त्यानंतर रविवारीही मी तसंच करायला लागलो. ढोलकीला दुसरं कोणी मिळालं नाही. पाळकसाहेबांच्या स्पीकरमध्ये ठेका आहे, पण त्यांनी तो माझ्यासमोर कधी काढला नाही. मी पहिली ओळ वाजवून न थांबता पुढे जातो. तरुण माझ्याबरोबर येतात. जुने मात्र त्या जागेवर अजून थांबतात आणि मग मागे पडतात. गाणं थोडा वेळ दोन ठिकाणी चालतं.

मागच्या महिन्यात पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने मला मध्येच थांबवलं. तिला अलीकडे माणसं नीट आठवत नाहीत, कोण आहे कोण गेलं ते राहत नाही. ती मोठ्याने म्हणाली, "ये बाबा, पुढं पुढं कुठं पळायलास? येऊ तर दे त्याला."

कोणी हसलं नाही. वहिनी बायकांच्या बाजूला बसली होती, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

दुसरं कडवं आलं. मी ओळ वाजवली आणि थांबलो.