रिकाम्या झोळीतलं वजन

मिस्त्रीकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शाळेच्या ऑफिसात फोन आला आणि शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "बाई, उद्यमनगरातनं निरोप हाय. काकू म्हणाल्या, आता घोडी लागणार न्हाय, सावकाश या." शिपायाला त्यातलं काही कळलं नसावं, मला सगळं कळलं. त्याच दिवशी सकाळी मी काकांना त्या लोखंडी घोडीनं उचलून खुर्चीत बसवलं होतं, अंग पुसून झाल्यावर परत कॉटवर निजवलं होतं. निघताना त्यांनी जड जिभेनं विचारलं होतं, "दांडी खाली घेतली न्हवं, बाई?" मी "घेतली" म्हटलं आणि सायकलला टांग मारली... त्यांचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. काकांना ओळखणारी माणसं गावात पुष्कळ आहेत. उसाच्या चरकाचे भाग असोत की बंद पडलेलं ऑइल इंजिन, त्यांच्या लेथवर गेलं की काम होणारच, असं लोक म्हणायचे. पण मी त्यांना ओळखते ती त्या घोडीमुळं, आणि तिच्याविषयी जे मला ठाऊक आहे ते आता लिहायला हरकत नाही असं काकूंनीच सांगितलंय.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायू झाला. वडील आधीच गेलेले, राजारामपुरीतल्या घरात आम्ही दोघीच. आई उंच, हाडापेरानं दणकट. डावी बाजू लुळी पडलेली, बोलणं तेवढं शाबूत. तिला कॉटवरून खुर्चीत घ्यायचं म्हणजे मी आणि शेजारच्या दोघी असं तिघींचं काम. तेही ओढत, फरफटत. पाठीला जखमा व्हायला लागल्या. डॉक्टरांनी एक दिवस परदेशी मासिकातलं चित्र दाखवलं. चाकांवर उभा लोखंडी खांब, त्याला पुढं आलेला हात, हाताला लटकलेली झोळी आणि झोळीत बसून हसणारी एक गोरी म्हातारी. "हे इथं मिळायचं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण कुणी करून दिलं तर बघा."

मी ते चित्र घेऊन काकांच्या वर्कशॉपमध्ये गेले. काकांनी हात पुसून चित्र लांब धरलं. "ही तर आमची घोडीच की! हिनंच आम्ही इंजिनं उचलतो. म्हातारीला उचलायला काय..." कोपऱ्यात गंजत पडलेल्या एका जुन्या सांगाड्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "करतो. पण घाई करायची न्हाय."

महिन्याभरानं घोडी घरी आली. हिरवा रंग दिलेली, खाली फाकवता येतील असे दोन लांब पाय, पायांना चार चाकं. उचलायला ट्रकचा जॅक. हाताच्या टोकाला आकडा, आकड्यात आडवी दांडी आणि दांडीला ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेली जाड कापडी झोळी. झोळीच्या चार कोपऱ्यांना चार पट्टे, त्यांना काका 'कान' म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी आईला हात लावू दिला नाही. स्वतः झोळीत बसले, मला जॅक मारायला लावला आणि लोंबकळत माझी शिकवणी घेतली. पाय पुरते फाकवल्याशिवाय उचलायचं नाही, नाहीतर घोडी पालथी होईल. कॉट हलता कामा नये, पण उचलताना घोडीची चाकं मोकळी ठेवायची, म्हणजे वजन येईल तशी ती आपली जागा धरते. चारी कान बोटानं चाचपून, तोंडानं मोजायचे. दोन बोटं उचलायचं, थांबायचं, परत सगळं बघायचं, मगच वर. आणि माणूस लटकत ठेवून गॅसकडं, दाराकडं, कुठंही जायचं नाही. "दूध उतू गेलं तर जाऊ दे," ते वरून म्हणाले. आई कॉटवरून हसत होती. आजारानंतर ती पहिल्यांदा हसली.

पुढं दर शनिवारी काका यायचे. चाकांत गुंतलेले केस, दोरे चिमट्यानं काढायचे. जॅकखाली कागद अंथरून तेलाचा थेंब पडतो का बघायचे. झोळीची शिवण उजेडाकडं धरून टाका न् टाका तपासायचे. झोळी धुतली की सावलीतच वाळवायची. उन्हानं सूत कुजतं आणि वरून कळत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी चिडायचे. एवढं सगळं झाल्यावर ते पुन्हा स्वतः झोळीत बसायचे. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, मिनिटभर. देवळात बसावं तसे. मला ते विचित्र वाटायचं... पण विचारलं नाही.

मग ती गुरुवारची सकाळ आली. शाळेची घाई. मी झोळी घ्यायला गेले तर आई म्हणाली, "थांब. त्यात कुणीतरी बसलंय."

रिकामी झोळी दांडीला लटकत होती. कापड जाड, त्यामुळं माणूस उतरल्यावरही त्याचा आकार थोडा वेळ टिकून राहायचा, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "आई, कुणी नाही. चल, मला उशीर होतोय."

"बाप्या माणूस आहे. पाय भिजलेत त्याचे." आईचा आवाज साधा होता, भाजी आणायला सांगावं तसा. मी जवळ गेले तर तिनं उजव्या हातानं कॉटची कड घट्ट धरली. बोटं सोडवायला गेले तर माझ्या हाताला चावली. माझी आई, जिनं मला कधी चापट मारली नाही, ती चावली. मी रडकुंडीला येऊन शाळेत रजा कळवली आणि काकांना बोलावणं धाडलं.

काका आले. मी हसण्यावारी न्यायला लागले तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं. दारातून झोळीकडं बघत राहिले. "रिकामी झोळी अशी न्हाय लटकत," ते म्हणाले. पुढं होऊन दांडीला वीत लावली. एक बाजू चार बोटं खाली होती. आकडा हाताला जोडणारी पिन त्यांनी ठोकून बाहेर काढली. पिन वाकलेली, आणि मधोमध अर्ध्यापर्यंत चीर गेलेली. आईचं वजन पडलं असतं तर दोन बोटांवरच तुटली असती की छातीइतक्या उंचीवर, कुणास ठाऊक. शनिवारी हीच पिन काकांनी तपासली होती, मी समोर होते.

"आक्का दिसभर तिच्याकडंच बघत असत्यात," काका मला म्हणाले. "त्यांच्या ध्यानात आलं. आपण नुसतं येतो न् उचलतो." मला ते पटलं. झुकलेली झोळी आईच्या डोळ्यांना बसलेल्या माणसासारखी वाटली असेल. पण आई म्हणाली, "ते झालं. पण पाय कशानं भिजले त्याचे?"

काकांच्या हातातली पिन खाली पडली. ते कॉटच्या पायथ्याशी फरशीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. त्याच्याही आठ-दहा वर्षं आधी वर्कशॉपमध्ये त्यांच्याबरोबर त्यांचे मेहुणे काम करायचे. रामभाऊ, काकूंचे थोरले भाऊ. पावसाळ्यात वर्कशॉपमध्ये घोटाभर पाणी शिरलेलं. पाण्यात उभं राहूनच रामभाऊ घोडीनं इंजिन उचलत होते. वर आकड्याची पिन तुटली, इंजिन अंगावर आलं आणि रामभाऊ जागीच गेले. "त्या दिवशी पिन बघायची पाळी माझी हुती, आक्का. मी बघितली न्हवती. घरात सांगितलं, साखळी निसटली." काकूंना खरं कारण कधी कळलं नाही, असं ते म्हणाले. सांगाडा तसाच कोपऱ्यात पडून होता, मी चित्र घेऊन जाईपर्यंत. "पिन नवी केली. चाकं नवी. पण खांब त्यातलाच हाय. वाटलं, ज्या लोखंडानं एक माणूस खाली घेतला, त्यानं चार तरी वर उचलावीत."

आईनं उजव्या हातानं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "असू दे. बसला तर बसू दे बिचारा. त्यानं सांगितलं म्हणून मी वाचले की." काकांनी त्या दिवशी दुहेरी जाडीची पिन बसवली. आईला झोळीत घेताना चारी कान त्यांनी मोठ्यानं मोजले.

आई त्यानंतर साडेतीन वर्षं जगली, पाठ बरी होऊन, रोज खिडकीपाशी बसून. ती गेली तेव्हा झोपेतच गेली. मग घोडी फिरायला लागली. कुणाकडं मांडीचं हाड मोडलेली सासू, कुणाकडं झाडावरून पडलेला मुलगा, असा निरोप आला की काका टेम्पोत घालून न्यायचे. राधानगरीकडं, गगनबावड्याच्या वाटेवर, पाऊस असो नसो. शिकवायला मला बरोबर न्यायचे, कारण बायामाणसांना उचलायचं तर बाईमाणूस पाहिजे. बहुतेक माणसं म्हातारी आणि आधीच टेकीला आलेली. वर्ष-सहा महिन्यांत जायची. लोकांनी त्यातूनच नाव काढलं... 'यमाचा रेडा'. एका गावात तर आमचा टेम्पो दिसताच ओसरीवरच्या म्हाताऱ्यानं घोंगडं डोक्यावरून घेतलं, आणि घरातल्या सुनेनं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. "पावणं, तुमचा रेडा परत न्या. आमचा माणूस अजून जित्ता हाय." पण पुढच्या शनिवारी मी वर्कशॉपमध्ये गेले तर काका घोडीच्या चाकांतले दोरे काढत बसलेले होते.

गेल्या मार्गशीर्षात काकांनाच झटका आला. आईसारखीच डावी बाजू. घोडी पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या घरात, वर्कशॉपमागच्या खोलीत उभी राहिली. मी रोज सकाळी शाळेआधी जायचे. काकू माझ्याबरोबर उचलायला असायच्या, पण लोखंडाला हात लावायच्या नाहीत. काकांचे पाय तेवढे धरायच्या.

एका सकाळी मी सगळं तपासलं. शिवण, तेल, चाकं, पिन. काहीही बिघडलेलं नव्हतं. दांडीवरची झोळी घ्यायला वळले तर काका तिच्याकडं टक लावून बघत होते. "थांबा बाई. बसलाय."

मी पुन्हा पिन काढून बघितली. दांडीला वीत लावली. सरळ होती. "काका, सगळं नीट आहे."

"नीट हाय, म्हाईत हाय मला. पण रामभाऊ बसलाय." आणि मग ते लहान मुलासारखे रडायला लागले. काकू दारातच उभ्या होत्या. ज्या नावाचा उच्चार त्या घरात वीसेक वर्षं झाला नव्हता, तो त्यांच्यासमोर झाला. मी मनात म्हटलं, आता सगळं फुटणार.

काकू शांतपणे पुढं आल्या. पदर खोचला. "मला म्हाईत न्हाय असं वाटतंय व्हय तुमाला?" त्या काकांना म्हणाल्या. "तुटकी पिन त्याच दिशी मी पाण्यातनं उचललीया. अजून माझ्या ट्रंकंत हाय." मग काकू घोडीकडं वळल्या आणि रिकाम्या झोळीशी बोलल्या, घरात आलेल्या माहेरच्या माणसाशी बोलावं तशा. "दादा, ऊठ बघू आता. यांना बसायचं हाय."

खिडक्या बंद होत्या, थंडीचे दिवस. पंखा नव्हता. आकड्यातली दांडी सावकाश, पाव फेरा फिरली आणि थांबली. झोळीचं कापड सैल झालं, चुरगळून खाली आलं. मी सायन्स शिकवते. लोखंड थंडीनं आखडतं, कापड दमटपणानं ढिलं पडतं, हे सगळं मला येतं. तरी जे बघितलं तेवढं लिहिते. काकूंनी पहिल्यांदाच झोळीचे कान स्वतःच्या हातानं दांडीला अडकवले. मी जॅक मारला. काका वर आले, डोळे मिटलेले, आणि चेहरा असा की इतक्या वर्षांत मी तो बघितला नव्हता. जड काही खांद्यावरून उतरवून ठेवलेल्या हमालासारखा.

त्यानंतर ते दोन महिने होते. बडबडायचे, हसायचे, काकूंवर ओरडायचे. मग ती सकाळ, आणि शाळेतला तो निरोप.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात एक जण राधानगरीहून टेम्पो घेऊन आला. आई पडून आहे म्हणाला. बोलता बोलता "रेडा" म्हणून गेला आणि त्यानं जीभ चावली. काकू म्हणाल्या, "रेडा म्हण की, काय बिघडत न्हाय. पण रोज बघायचं." मी त्याला सगळं शिकवलं, सोबत जाऊन दोन दिवस राहिलेसुद्धा. त्याची आई आता अंगणात बसते, असं त्याचं पत्र आलंय.

परवा काकूंकडं गेले. घोडी गेल्यानं खोली केवढी तरी मोठी वाटत होती. फरशीवर चाकांचे चार काळपट डाग राहिलेत. काकूंनी कॉट, ट्रंक, पाण्याचा पिंप सगळं भिंतीला सरकवून घेतलंय, मधली तेवढी जागा रिकामी. मी चहा घ्यायला सरळ पुढं निघाले, तशा त्या चुलीपाशनं म्हणाल्या, "तिथनं नगं बाई, हिकडनं या."

"का हो?"

काकूंनी चहा गाळता गाळता वरही बघितलं नाही. "दोघं बोलत बसल्यात न्हवं."

मी भिंतीच्या कडेनं गेले. खोलीत इतकी शांतता होती की मीसुद्धा आवाज बारीक केला...