गप्प बसायला शिकवणाऱ्या सुलोचनाबाई

फोन आला तेव्हा मी चामोर्शीकडच्या एका समाजमंदिरात वीस-बावीस बायांना घेऊन बसले होते. गावात गरोदर बायांचे, सासवा-सुनांचे गट कसे चालवायचे, त्याचं प्रशिक्षण. फोनवर सुलोचनाबाईंची सून, प्रीती. "आई गेल्या, ताई. सकाळी चहा घेतला, अन् खुर्चीतच..." एवढंच बोलली. मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. बाया घाबरल्या बिचाऱ्या! अंत्यविधी दुसऱ्या दिवशी होता, म्हणून डोळे पुसून संध्याकाळपर्यंत प्रशिक्षण पुरं केलं. अर्ध्यात सोडून त्यांच्या घरी भद्रावतीला पळाले असते, तर त्यांनी तिकडूनही मला झापलं असतं. ब्याऐंशी वर्षांचं भरलेलं आयुष्य, अंथरुणात एक दिवस नाही. रडू येतं ते माझ्यासाठी, त्यांच्यासाठी नाही.

मी मूल गावची. बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. सुलोचनाबाईंच्या हाताखाली हे गट चालवायला शिकायला गेले तेव्हा प्रश्न मीच विचारायचे आणि उत्तरही मीच ठोकून द्यायचे. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "मंदा, तुले उत्तर येते, हे समद्याईले समजलं. पण त्याईले काय येते, हे तुले कुठी समजलं?" आणि हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. प्रश्न विचारायचा, खडा तोंडात टाकायचा, तो विरघळेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. चावला तर दुसरा खडा! मी पहिल्या दिवशी किती चावले, ते विचारू नका.

तरी माती खाल्लीच. भामरागडकडच्या एका नदीपलीकडच्या गावात मी पहिला गट धरला. झुरीबाई तिथली जुनी सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ती लेकराला जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालते, हे ऐकलं आणि माझी जीभ सुटली. भर बैठकीत म्हणाले, "अशानंच लेकरं थंडी लागून दगावतात!" झुरीबाई उठली. तिच्यामागे सगळ्या उठल्या. पुढच्या बैठकीला मी, सतरंजी आणि एक कोंबडी.

घोर होता तो गटातल्या सुनीताचा. तिला आठवा महिना लागला होता. आधीचं बाळ पावसाळ्यातच गेलेलं, नदी भरली आणि दवाखाना राहिला पलीकडे. यंदाही पाऊस तोंडावर आलेला. तिची सासू झुरीबाईच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती, आणि झुरीबाई माझं तोंड बघायला तयार नव्हती. मी रडतच सुलोचनाबाईंना फोन केला. "येऊन राह्यली," म्हणाल्या. तीन बस बदलून आल्या. तेव्हाच सत्तरीच्या होत्या.

झुरीबाई अंगणात मोहाच्या टोऱ्या, तेलाच्या बिया, दगडानं फोडत होती. सुलोचनाबाई समोर बसल्या, एक दगड घेतला आणि त्याही फोडू लागल्या. मी जन्मात मागितली नसेल अशी माफी मागितली. झुरीबाईनं मान वर केली नाही. मग सुलोचनाबाई म्हणाल्या, "पोरगी नवी आहे जी, तुमीच शिकवा तिले. पावसात नदी भरली अन् बाई अडली, तं काय करता?" आणि मला खूण केली... गप्प.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या ओठावर दहा उत्तरं आली नि गेली. शेवटी झुरीबाईच बोलली, खाली बघतच. "सुनीताचं लेकरू आडवं होतं. माया हात नाई पुरला, बाई. अजून डोळ्यासमोरून जात नाई." पुन्हा दगडाचे आवाज. मग तीच म्हणाली, "यंदा पाण्याच्या आधी नेऊ तिले. मी जातो संगं."

त्या आठवड्यात बैठकीला सासवाही आल्या. बोलली झुरीबाई. माझं काम फक्त सतरंजी घालायचं. दिवस भरत आलेल्या बायांना आधीच राहता यावं म्हणून दवाखान्याजवळ माहेरघर असतं, तिथं सुनीता जाऊन राहिली, झुरीबाई उशाशी. मुलगी झाली, ठणठणीत. झुरीबाईनं तिला स्वतःच्या हातानं कोरडं करून आईच्या छातीशी दिलं आणि गावात परतल्यावर गटाला सांगितलं, "आंघोळीची घाई आता मी नाई करत."

सुलोचनाबाईंच्या तेरवीला झुरीबाई भद्रावतीला आली, सुनीताला आणि तिच्या शाळेत जाणाऱ्या लेकीला घेऊन. जेवणं झाली, बाया आतल्या खोलीत बसल्या. कुणी डोळे पुसतंय, कुणी उगाच घड्याळ बघतंय. झुरीबाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "या बाईनं कोणाले काय देल्लं? सांगा नं."

कुणीच बोलेना. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर तिनं माझा गुडघा असा दाबला की बस्स! मी मुकाट बसले. पंख्याचा आवाज, बाहेर भांडी घासल्याचा आवाज. प्रीती दाराशी पदराशी चाळा करत उभी होती. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण चार माणसांत या पोरीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सांगू का मी?" ती म्हणाली.

आम्ही सगळ्याजणी तिच्याकडे वळून बसलो.