चाचांचा कान

यंत्र बिघडलं की चाचा आधी सगळ्यांना गप्प करत. मग लांब पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "पहिले आयका, मंग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हमाल एकमेकांना कोपरखळ्या मारून हसत. पण दोन मिनिटांनी चाचा एखाद्या रोलरवर बोट ठेवत आणि बिघाड तिथंच सापडे.

वणीतल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, ते तीस वर्षं फिटर होते. मी त्यांच्याच गल्लीतला इंग्रजीचा मास्तर. आमची मैत्री जमली ती मात्र ऑपेरामुळं. हसू नका. असली चमत्कारिक आवड असलेला एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, तुम्ही त्याला कधी विचारलं नसेल इतकंच.

एका परदेशी रेडिओ केंद्रावर दर शुक्रवारी संध्याकाळी एक कोडं असायचं. ऑपेराचा, म्हणजे त्या गाऊन केलेल्या नाटकाचा, एक तुकडा वाजवत. तो कोणत्या जर्मन नाटकावरून किंवा कादंबरीवरून घेतलाय, ते पत्रानं कळवायचं. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, आणि जर्मन तर मलाही नाही. पण वर्षानुवर्षं रेडिओला कान लावून त्यांना ते तुकडे पाठ झाले होते. नावं जिभेवर बसत नाहीत म्हणून त्यांनी प्रत्येक ऑपेराला नंबर दिला होता. मी कॉलेजच्या लायब्ररीतला जाडजूड कोश चाळून गोष्टी सांगायचो, ते त्या उर्दूत लिहून घ्यायचे. तुकडा वाजला की म्हणायचे, "अकरा नंबर, सर. पोरगी जहर घेते थो." मी कोशातून मूळ नाटकाचं किंवा कादंबरीचं नाव काढून पत्र टाकायचो. निकाल माझ्या शाळेच्या पत्त्यावर यायचा.

सहा महिन्यांत आमचं एकही उत्तर चुकलं नाही. शाळेत सगळे माझंच कौतुक करायचे आणि मी ते करू द्यायचो.

शेवटच्या फेरीला बक्षीस होतं, नवा रेडिओ. त्या दिवशी गाणं नव्हतंच, नुसती वाद्यं वाजली. चाचा डोळे मिटून म्हणाले, "सतरा नंबर. बाप हाय हा. पोरीले हाक मारून राह्यला."

मला तर ढोल ऐकू आला होता. कोशात नऊ नंबरच्या तिसऱ्या अंकात सैन्य कूच करतं असं छापलेलं होतं. मी तसं म्हणालो. चाचांनी मान हलवली. ढोल आहे, पण चालत कोणी नाही, तो माणूस एका जागी उभा आहे, असं त्यांचं म्हणणं. मी बरं म्हणून घरी आलो आणि पत्रात नऊ नंबरचं नाव लिहून टाकलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. चौथी शिकलेल्या माणसानं एम. ए. झालेल्या मास्तरला खोटं पाडावं, हे मला सोसलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

निकाल आला. उत्तर सतरा नंबरच होतं.

ते पत्र मी शाळेतच फाडलं. संध्याकाळी चाचा दारात आले तेव्हा सांगितलं की आपलं सतरा चुकलं, नऊ होतं. "मले त थो बाप साफ आयकू आला होता," म्हणाले, आणि मग स्वतःच्याच कानावर टपली मारून हसले. त्यानंतर शुक्रवारी त्यांच्या घरून रेडिओचा आवाज आला नाही. मी मनात म्हटलं, चला, विषय मिटला.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. गाड्या कमी येत, निम्मी यंत्रं बंद असत. दोन फिटरांपैकी एकालाच ठेवायचं, असं शेठ बोलून बसला होता. ऐन हंगामात एक यंत्र खडखडू लागलं. चाचांनी पेचकस कानाला लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाले की मला खात्री नाही, पुरं खोलून पाहा. यंत्र खोलण्यात दोन दिवस गेले. बाहेर गाड्यांची रांग लागली. शेठनं दुसऱ्या फिटरला ठेवलं.

तो दुसरा फिटर पुढं मला बाजारात भेटला. त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं. "बिघाड होता तिथंच चाचानं पहिले बोट ठेवलं होतं, सर. मंग मागं घेतलं. काहून घेतलं, कोणाले ठाऊक."

मला ठाऊक होतं. भाजीची पिशवी उचलून मी तिथून निघालो.

चाचा चंद्रपूरला मुलीकडं राहायला गेले त्या सकाळी मी बसस्टँडवर गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ते पुढं तिकडंच वारले, म्हणजे आमची ती शेवटची भेट. बस लागलेली होती. चाचा खिडकीत बसले होते आणि मला पाहून फार खूश झाले. खिडकीतून हात काढून त्यांनी माझा हात धरला.

"तुमी होते मनून बरं झालं, सर," ते म्हणाले. "नाईतर हा कान खराब झाला हे मले कोणी सांगतलंच नसतं."

मी म्हणालो, "जपून जा, चाचा."